हैदराबादेंत आपलीं माणसें सुखी आहेत काय?

धर्माबादच्या स्थानकावर हैदराबादकडे जाणारी गाडी येऊन उभी राहिली, कीं फलाटावर एक प्रश्न हटकून ऐकूं येतो. पोंचवावयास आलेला म्हातारा खिडकीशीं वाकून आंतल्या माणसाला विचारतो, "तिकडे बरें आहे ना तुमचें?" आंतला माणूस "हो, बरें आहे" असें म्हणतो, गाडी हलते, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही फलाटावरच राहतात. लहानपणीं वडिलांचें बोट धरून आणि पुढें स्वतः खिडकीशीं बसून हा संवाद मीं इतक्या वेळां ऐकला आहे, कीं त्या "बरें आहे" या दोन शब्दांत काय भरलें आहे याचा एकदां शांतपणें विचार करावा, असें फार दिवस मनांत होतें. नभोवाणीवर बोलण्याचें निमंत्रण आलें आणि विषय तुम्हीच सुचवा असें सांगण्यांत आलें, तेव्हां मीं हाच विषय दिला. हैदराबादेंत जाऊन राहिलेलीं आपलीं मराठवाड्यांतलीं माणसें तेथें सुखी आहेत काय?

यांतला "तिकडे" हा शब्द प्रथम जरा तपासून घेतला पाहिजे. धर्माबाद सुटलें कीं पुढें बासर लागतें. तेथें सरस्वतीचें प्रसिद्ध देऊळ आहे, आणि आपल्या भागांतलीं कित्येक मुलें पहिलें अक्षर गिरवावयास त्या देवळांत नेऊन बसविलीं जातात. धर्माबाद आणि बासर यांच्या मधें कोठेंतरी महाराष्ट्राची हद्द संपते. पुष्कळांची समजूत अशी असते कीं ही हद्द म्हणजे गोदावरी. पण तसें नाहीं. गोदावरीचा मोठा पूल बासरच्या पुढें आहे. राज्याची सीमा त्याच्या अलीकडेच, शेताच्या बांधासारखी, कोणाच्या लक्षांतही न येतां मागें पडते. पुलावर गाडी चढली म्हणजे उतारू नदींत पैसा टाकतात, हात जोडतात. सीमेवर कोणी कांहीं टाकीत नाहीं. फक्त स्थानकाच्या पाटीवर तेलुगु अक्षरें दिसूं लागतात, एवढीच काय ती खूण.

अंतराचा हिशेब केला तर गंमत अशी, कीं रेल्वेच्या वाटेनें धर्माबादहून हैदराबाद सुमारें 200 किलोमीटर, औरंगाबाद (आजचें छत्रपति संभाजीनगर) सुमारें 300, आणि मुंबई हैदराबादच्या तिपटीहून दूर. धर्माबादच्या माणसाला "तिकडे" म्हणजे जवळ, आणि "इकडे" म्हणजे लांब, अशी ही उलटी स्थिति आहे.

ती उलटी कां झाली हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. आपल्याकडचा मनुष्य प्रथम हैदराबादेस गेला तो परमुलखांत गेला नाहीं. तो आपल्या राजधानींत गेला. निजामाच्या राज्यांत सोळा जिल्हे होते. त्यांतले आठ तेलुगु भाषेचे, पांच मराठी आणि तीन कानडी. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यांतून जाणारा मीटरगेज लोहमार्ग 1900 च्या सुमारास पुरा झाला आणि नांदेड, उमरी, धर्माबाद हीं गांवें राजधानीला एका रात्रीच्या अंतरावर आलीं. वरचें न्यायालय हैदराबादेंत, खात्यांच्या कचेऱ्या हैदराबादेंत. 1918 मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें तें उर्दू माध्यमाचें. पण मराठवाड्याच्या मुलाला पदवी घ्यावयाची तर वाट तीच. तेव्हां वकील गेले, कारकून गेले, शिक्षक गेले, व्यापाऱ्यांचे मुनीम गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ विद्यार्थी म्हणून भाचे-पुतणे गेले. सुलतान बाजार, गौलीगुडा, काचीगुडा, शालीबंडा या भागांतून मराठी बिऱ्हाडें थाटलीं गेलीं. एका वस्तीचें नांवच हनुमान टेकडी आहे. चारमिनारच्या शहरांत हें नांव कसें आलें, असा प्रश्न तेथें राहणाऱ्याला कधीं पडत नाहीं.

या लोकांनीं तेथें नुसतीं पोटें भरलीं नाहींत. वकिली करून पुढें उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले केशवराव कोरटकर आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नानें विवेकवर्धिनी ही शाळा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उभी राहिली. 1920 मध्यें "निजाम विजय" हें मराठी साप्ताहिक निघालें. 1922 मध्यें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. 1931 सालचें मराठी साहित्य संमेलन हैदराबादेंत भरलें आणि ज्ञानकोशकार केतकर त्याचे अध्यक्ष होते. सभा भरवावयाची तर परवानगी, खासगी शाळा काढावयाची तर परवानगी, अशा काळांत हें सारें झालें हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. 1938 मध्यें उस्मानियाच्या वसतिगृहांत "वंदे मातरम्" म्हटल्याबद्दल शेंकडों विद्यार्थ्यांना बाहेर पडावें लागलें, आणि त्यांतल्या पुष्कळांना नागपूरच्या विद्यापीठानें आसरा दिला. म्हणजे "पूर्वीं फार सुख होतें" असें जें आज वयस्क मंडळी म्हणतात, तें जरा जपूनच ऐकावें.

17 सप्टेंबर 1948 रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें. पुढें आठ वर्षांनीं, 1 नोव्हेंबर 1956 रोजीं, तें भाषेप्रमाणें वांटलें गेलें. मराठवाडा मुंबई राज्यांत गेला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झालें. आदल्या दिवशीं आपल्या राजधानींत राहणारा सुलतान बाजारांतला मराठी गृहस्थ दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठला तो परप्रांतांत. त्यानें बिछानाही हलविला नव्हता.

या वांटणीचा परिणाम मीं माझ्या घरांतच पाहिला. माझे वडील आणि काका दोघेही 1940 नंतर धर्माबादहून हैदराबादेस गेले होते. काका सरकारी नोकरींत होते. नोकरवर्गाची वांटणी झाली त्यांत ते मुंबई राज्याच्या वांट्याला आले आणि औरंगाबादेस गेले. वडील एका खासगी मराठी शाळेंत शिक्षक होते. त्यांना कोणी वांटून घेतलें नाहीं, ते होते तेथेंच राहिले. एक भाऊ स्वभाषेच्या राज्यांत, दुसरा परभाषेच्या. आतां तर्कानें काय वाटेल? काका सुखी आणि वडील दुःखी. प्रत्यक्षांत काका पुढें वीस वर्षें हैदराबादसाठीं झुरले. इराण्याचा चहा, संध्याकाळचे मुशायरे, मोकळ्या स्वभावाचे मुसलमान मित्र, यांचा विषय निघाला नाहीं असा त्यांचा एक दिवस जात नसे. कचेरींत पुण्याकडून आलेले वरिष्ठ त्यांच्या मराठीला हंसत. "दरखास्त", "मंजुरी", "तामील" असे शब्द त्यांच्या तोंडीं बसलेले. त्या वरिष्ठांच्या लेखीं ही "मोंगलाई" मराठी. काका घरीं येऊन म्हणत, "हैदराबादेंत मी मराठी होतों. येथें आल्यावर मला समजलें कीं मी मराठीही नाहीं."

वडिलांची तक्रार निराळी. त्यांचा पगार थोडा होता, पण तें दुःख ते बोलून दाखवीत नसत. वर्गांतल्या मुलांची संख्या दर जूनमध्यें मोजून येत आणि जेवतांना ती आईला सांगत. आकडा कमी झाला असेल त्या दिवशीं भाकरी एक कमी.

नांदेड-लातूरकडच्या विद्वानांचीं उदाहरणें पाहिलीं तर त्यांतही हीच दुहेरी वाट दिसते. निलंग्यास जन्मलेले सेतु माधवराव पगडी हैदराबादच्या सरकारी सेवेंत मोठे झाले आणि पुढें मुंबईस येऊन महाराष्ट्राच्या गॅझेटियरांचे संपादक झाले. फारसी कागदांतून मराठ्यांचा इतिहास वाचण्याची जी त्यांची ताकद होती, ती हैदराबादचीच देणगी. उलट नरहर कुरुंदकर विद्यार्थी म्हणून हैदराबादेस मामांकडे राहिले आणि परत येऊन नांदेडच्या पीपल्स कॉलेजांत आयुष्यभर रमले. पण या दोघांना जाण्यायेण्याची मोकळीक होती, विद्या होती. सर्वसाधारण माणसाचें माप त्यांच्यावरून काढणें बरोबर नाहीं.

आणखी एक वर्ग आहे, त्याला आपण नेहमींच विसरतों. 1956 च्या त्याच कायद्यानें नांदेड जिल्ह्यांतल्या मुधोळ तालुक्याचीं मुधोळ, भैंसा आणि कुबीर हीं मंडळें, आणि देगलूर तालुक्याचीं बिचकुंदा आणि जुक्कल हीं मंडळें आंध्र प्रदेशाकडे दिलीं. तेथल्या मराठी कुटुंबांनीं गांव सोडलें नाहीं. गांवानेंच राज्य बदललें. त्यांना कोणी फलाटावर "तिकडे बरें आहे ना?" असें विचारलें नाहीं, कारण ते कोठें गेलेच नव्हते.

श्रोतेहो, हा प्रश्न आपल्याच वांट्याला आला आहे असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें ब्रिटनमधल्या लोकांना आपल्या देशांत वसावयास बोलाविलें. प्रौढ माणसाला प्रवासखर्च अवघे 10 पौंड, मुलांना कांहींच नाहीं. अट अशी, कीं निदान दोन वर्षें तेथें राहिलें पाहिजे. त्याआधीं परत फिरावयाचें तर सरकारनें भरलेलें भाडें फेडावें आणि परतीचा खर्च आपला आपण करावा. ही योजना 1947 पासून पुढें पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालली आणि दहा लाखांहून अधिक ब्रिटिश माणसें बोटींत बसून गेलीं. राजा तोच, भाषा तीच, धर्म तोच, गाड्या चालवावयाची बाजूसुद्धां तीच. तेथें अवघड असें काय होतें? तरी पुष्कळांना अवघड गेलें. पहिले कांहीं महिने जुन्या लष्करी छावण्यांतल्या पत्र्याच्या अर्धगोल छपरांखालीं काढावे लागत. नाताळ ऐन उन्हाळ्यांत येई. आणि जरा तक्रार केली कीं तेथले जुने रहिवासी त्यांना कुरकुरे इंग्रज म्हणून हिणवीत. सुमारें चौथा हिस्सा लोक परत गेले.

येथपर्यंत आश्चर्य वाटण्यासारखें कांहीं नाहीं. खरी गोष्ट पुढेंच आहे. परत गेलेल्यांपैकीं पुष्कळ जण थोड्या काळानें पुन्हां बोटींत बसून ऑस्ट्रेलियास आले, आणि या वेळीं त्यांनीं भाडें पदरचें भरलें. घरीं गेल्यावर त्यांना आढळलें, कीं ज्या घरासाठीं आपण रडत होतों तें आतां तेथें नाहीं. गल्ली आहे, पाऊस आहे, पण शेजारी दुसरे आहेत; आणि आपणही दुसरे आहोंत.

ही हकीकत मीं वाचली तेव्हां मला आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आठवले. नांव सांगत नाहीं. धर्माबादचे, मिरचीच्या अडतीवर लहानपण गेलेलें, पुढें छत्तीस वर्षें हैदराबादेंत एका बँकेंत नोकरी. त्या छत्तीस वर्षांत असा एकही उन्हाळा नसेल कीं ते "सेवानिवृत्त झालों कीं दुसऱ्या दिवशीं धर्माबाद" असें म्हणाले नाहींत. आणि बोलल्याप्रमाणें त्यांनीं केलें. काचीगुड्याचें घर भाड्यानें दिलें, गांवीं जुन्या वाड्याच्या जागीं दोन खोल्यांचें पक्कें घर बांधलें, अंगणांत तुळस लावली. मी दोन वर्षांनीं भेटावयास गेलों तों घराला कुलूप. शेजाऱ्यांनीं सांगितलें, "हैदराबादी काका गेले परत."

हैदराबादी काका! छत्तीस वर्षें ज्यांना सुलतान बाजारांत "मराठी साब" म्हणत, त्यांना जन्मगांवीं हें नांव पडलें. पुढें हैदराबादेंत त्यांची गांठ पडली तेव्हां मीं विचारलें, कोणी दुखावलें का? ते म्हणाले, "छे, कोणी नाहीं. मान फार. पण सकाळीं पारावर जाऊन बसलों, तर ज्यांच्याबरोबर मीं मिरच्यांच्या पोत्यांवर उड्या मारल्या त्यांतलें एकही माणूस नाहीं. त्यांचीं मुलें येतात, पाया पडतात आणि मोबाईलमध्यें पाहतात. आणि रात्रीं छातींत दुखलें तर डॉक्टर नांदेडला, मुलगा हैदराबादला." थोडें थांबून म्हणाले, "आणि खरें सांगूं? मला तेथें गेल्यावर बासरच्या पुढची तेलुगु कानांवर येईना म्हणून चुकल्यासारखें होई. आयुष्यभर जिला परकी म्हटलें ती भाषा!"

माझें मत असें झालें आहे, कीं घर सोडलेल्या माणसाच्या सुखाचें माप आपण चुकीच्या तराजूंत घालतों. एका पारड्यांत आजचें परगांव ठेवतों, आणि दुसऱ्यांत आजचें गांव न ठेवतां तो निघाला त्या दिवसाचें गांव ठेवतों. त्या दिवसाच्या गांवांत आई जिवंत असते, विहिरीला पाणी असतें आणि स्वतःचे गुडघे दुखत नसतात. हैदराबादच काय, अमरावतीची इंद्रसभा जरी पहिल्या पारड्यांत घातली तरी तें वरच जाईल. हा तराजू बरोबर झाला कीं नाहीं, हें फक्त जो परत जाऊन आला त्यालाच कळतें. आणि आमच्याकडे सुदैवानें रात्रीची गाडी असल्यामुळें परत जाऊन पाहणें स्वस्त आहे. बोटीला महिनाभराहून अधिक लागे. अजिंठा किंवा देवगिरी एक्सप्रेसला एक रात्रही लागत नाहीं. म्हणून हैदराबादच्या मराठी माणसाचें दुःख ऑस्ट्रेलियांतल्या इंग्रजापेक्षां सौम्य आहे, पण तें संपतही नाहीं. दिवाळीला जाऊन तो तें ताजें करून येतो.

रोजच्या जगण्यांत अडचण फारशी नाहीं. पंचांग दोघांचेंही एकच आहे. महिना अमावास्येलाच संपतो, पाडवा आणि उगादि एकाच दिवशीं येतात. आम्ही गुढी उभारतों आणि कडुलिंबाचा पाला गुळाशीं खातों. शेजारची तेलुगु बाई कडुलिंबाचा मोहोर, कैरी, चिंच, गूळ घालून पचडी करते आणि वाटी आमच्याकडे पाठविते. आपली अंबाडी म्हणजे त्यांचा गोंगूरा. तो जगप्रसिद्ध झाला आणि आपली अंबाडी परसांतच राहिली, हा निराळा दैवयोग. ज्वारीची भाकरी तेलंगणाच्या खेड्यांतही होते. तिला ते जोन्न रोट्टे म्हणतात. दखनी बोलींत सारें शहर ज्या "नक्को"वर चालतें तो आपलाच "नको" आहे. धर्माबादसारख्या गांवांत तर घराघरांतून तेलुगु आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात, त्यामुळें आमच्याकडचा पोरगा हैदराबादेस उतरतो तो अर्धा तेलुगु होऊनच. पुण्यास उतरला तर त्याला अधिक परकें वाटतें, हें माझ्या काकांनीं आधींच सांगून ठेवलें आहे.

मग कोठें टोंचतें? मला जें दिसलें तें सांगतों. पहिल्या पिढीला गांव टोंचतें, तें आतांच पाहिलें. दुसऱ्या पिढीला, म्हणजे माझ्या पिढीला, अक्षर टोंचतें. माझे वडील मराठी शाळेंत शिकवीत. मी मराठी शाळेंत शिकलों. माझी मुलगी इंग्रजी शाळेंत गेली, पण रविवारीं ग्रंथसंग्रहालयांतून पुस्तक आणून वाचीत असे. नातू मराठी बोलतो आणि त्याला मराठी वाचतां येत नाहीं. देवनागरी त्याला हिंदीमुळें येते, म्हणून अक्षरें लागतात. पण दोन ओळी झाल्या कीं "आजोबा, तुम्हीच सांगा ना" म्हणून पुस्तक माझ्या हातांत देतो. माझ्या वडिलांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीचें हें फलित. यांत मी कोणाला दोष देऊं? मुलीला इंग्रजी शाळेंत मींच घातलें. त्या काळीं वडील हयात होते. ते कांहीं बोलले नाहींत, फक्त विचारलें, "वर्गांत मुलें किती?"

साहित्य परिषद आहे, तिचें "पंचधारा" हें नियतकालिक आहे, व्याख्यानें होतात, गणेशोत्सवांत नाटक होतें. कार्यकर्त्यांची निष्ठा पाहून मान लवते. पण सभागृहांत मागच्या रांगेंतून पाहिलें तर पुढचीं डोकीं पांढरीं दिसतात. ज्या बापानें मुलाच्या शिक्षणासाठीं गांव सोडलें, त्यानें त्याबद्दल पुढच्या पिढीची वाचनाची भाषा किंमत म्हणून मोजली. व्यवहार करतांना ही किंमत त्याला कोणीं सांगितली नव्हती. "बरें आहे" या उत्तरांत ही गोष्ट कधीं येत नाहीं, कारण फलाटावर एवढें बोलावयास वेळ नसतो.

दुसरी टोंचणी शब्दाची आहे. 2010 च्या जुलैमध्यें बाभळीच्या बंधाऱ्यावरून तंटा पेटला. हा बंधारा धर्माबाद तालुक्यांत गोदावरीवर आहे. तेव्हांचे आंध्रचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन तो पाहावयास निघाले आणि त्यांना धर्माबादेंत अटकेंत ठेवण्यांत आलें. त्या आठवड्यांत हैदराबादेंत मला शेजारी म्हणाले, "तुमच्या लोकांनीं आमचें पाणी अडविलें." गांवीं गेलों तर भाऊबंद म्हणाले, "तुमच्या लोकांनीं येथें येऊन काय गोंधळ घातला!" दोन्ही ठिकाणीं मी "तुमच्या लोकांत". 28 फेब्रुवारी 2013 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला: बंधारा राहील, पण 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत दरवाजे उघडे ठेवावे लागतील. नदीच्या पाण्याची अशी तारखेवार व्यवस्था लागली. "तुमचे" आणि "आमचे" यांची कशी लावावी?

आणि ज्या मुलखासाठीं आम्ही हैदराबादेंत बसून उसासे टाकीत होतों, तेथल्यांच्या मनांत काय होतें तेंही ऐका. 2014 मध्यें तेलंगण वेगळें राज्य झालें. 2018 च्या मे महिन्यांत तेथल्या सरकारनें शेतकऱ्याला दर हंगामाला एकरीं 4000 रुपये देण्याची योजना सुरू केली. शेतीच्या विजेला पैसा घेत नव्हतेच. बांधाच्या पलीकडच्या शेतकऱ्याला हें मिळतांना अलीकडच्यानें पाहिलें. थोड्याच दिवसांत धर्माबाद तालुक्यांतल्या अनेक गांवांतून "आम्हांला तेलंगणांत घाला" अशी मागणी निघाली, आणि 2019 च्या सप्टेंबरमध्यें नांदेड जिल्ह्यांतली कांहीं मंडळी हैदराबादेस जाऊन तेथल्या मुख्यमंत्र्यांना भेटलीही. वर्तमानपत्रांत ही बातमी वाचून आमच्या मंडळांत मोठी खळबळ उडाली. एक वृद्ध सभासद संतापून म्हणाले, "भाषेसाठीं आम्ही एवढे खपलों आणि हे लोक विजेच्या बिलासाठीं राज्य सोडावयास निघाले!" मला त्यांचा संताप समजला, पण पटला नाहीं. आम्ही तरी हैदराबादेस कशासाठीं आलों होतों? वकिलीसाठीं, पगारासाठीं. त्यांच्या अंगांत गाडीभाडें भरून जाण्याची ताकद नव्हती, म्हणून ते सीमेलाच चार कोस अलीकडे येण्यास सांगत होते, इतकाच फरक.

आतांपर्यंत मीं ज्यांच्याविषयीं बोललों ते बिऱ्हाड करून राहणारे, घर बांधणारे, ग्रंथालयाची वर्गणी भरणारे लोक. परंतु त्याच गाडीच्या साध्या डब्यांतून आज जे सर्वांत अधिक संख्येनें हैदराबादेस जातात ते निराळे आहेत. मुखेड, कंधार, देगलूर या कोरडवाहू मुलखांतलीं हीं कुटुंबें. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. वीटभट्ट्यांवर, इमारतींच्या कामांवर राबतात. पावसाळ्याच्या तोंडीं परत येतात. गच्चीबावली आणि माधापूरकडच्या ज्या उंच इमारतींत आमचीं नातवंडें नोकरी करतात, त्यांच्या विटा या हातांनीं वाहिल्या आहेत. त्यांचीं मुलें गांवच्या शाळेच्या पटावर असतात आणि कामाच्या जागीं वाळूच्या ढिगावर खेळतात. तेथल्या शाळेंत घालावें तर भाषा तेलुगु किंवा इंग्रजी, आणि चार महिन्यांनीं पुन्हां गांव. माझ्या नातवाला मराठी वाचतां येत नाहीं म्हणून मी हळहळतों. या मुलांना कोणतीच भाषा वाचतां येणार नाहीं, अशी भीति आहे. आमच्या संस्थांनीं यांच्यासाठीं कामाच्या जागीं जाऊन संध्याकाळचे मराठी वर्ग चालवावेत, असें मीं एकदां सुचविलें. सर्वांना तें पटलें. मग शिकवावयास कोण जाणार यावर चर्चा झाली, आणि ती अजून संपलेली नाहीं. त्यांत मीही आहें.

धर्माबादचें आमचें घर मीं विकलेलें नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत त्याच्या मागच्या भिंतीला भेग गेली म्हणून गवंडी बोलाविला. तो मुखेडकडचा निघाला. सात-आठ वर्षें दर हिंवाळ्यांत हैदराबादेस जातो म्हणाला. त्याची बायको चुना कालवीत होती आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी विटा मोजून देत होती. मोजणें मराठींत चालू होतें, मधेंच एखादा आकडा तेलुगु येई. मीं संवयीनें विचारून गेलों, "तिकडे बरें आहे ना तुमचें?"

त्यानें थापी खालीं ठेवली, माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "मजुरी बरी आहे, काका. तुम्ही तर कायमचे तिकडेच असता. तुमचें कसें आहे?"

मीं "बरें आहे" म्हणालों. भिंत चार दिवसांत पुरी झाली.